गंजलेला कांचनमृग

पंचवटीच्या बोळात ताडपत्रीखाली प्रीमियर पद्मिनी दिसली की हौशी माणूस हरखतो. सोनेरी हरणामागे धावण्याचा या गावाला अनुभव जुना, पण शहाणपण कुणाला आलंय?

कुर्ल्यात घडलेल्या या गाडीची टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. तेव्हापासून भंगारवालासुद्धा तिला ‘अँटिक’ म्हणतो. गाडी तशी स्वस्तात मिळते. महाग पडतो तो पत्रा, जो हात लावताच हातात येतो.

कायद्याची गंमत वेगळीच. रामाचा वनवास 14 वर्षांचा, खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची. ‘व्हिंटेज’ ठरायला 2021च्या नियमानुसार वय हवं 50च्या पुढे, शिवाय नव्या नोंदणीचे 20,000 रुपये. मधली 35 वर्षं ती ना नवी, ना जुनी.

तोवर टपावर शेजारच्या काकूंचे पापड वाळतात.