गवळ्याचं पाप आणि बेसमेंटमधली बिअर

बिअर जास्तच स्ट्राँग झाली, ही तक्रार मराठी कानाला मुळात तक्रार वाटतच नाही. यंदा बोनस जरा जास्तच हातात पडला हो, अशा चालीचं ते वाक्य आहे. आपल्याकडे खपणाऱ्या बिअरपैकी बहुतांश बिअर अंगावर ‘स्ट्राँग’ हा शब्द मिरवतच खपते, आणि टेबलावर कुणी माइल्ड मागवली तर बाकीचे त्याला ‘बरं नाही का तुला?’ अशा नजरेने बघतात. शिवाय महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायलासुद्धा परवाना लागतो, तिथे घरच्या घरी बिअर आंबवण्याचं नावच नको. त्यामुळे हा प्रश्न खऱ्या अर्थाने पडतो तो अमेरिकेत. 1978 साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने तिथे घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. एकट्या सज्ञान माणसाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन सज्ञान असले तर 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर. तेव्हापासून तिथल्या बेसमेंटमध्ये नि गराजमध्ये पिंपं बुडबुडतायत, आणि त्यांतलं एखादं सहा टक्क्यांचा बेत असताना साडेसातावर जाऊन थांबतं. अशा वेळी करायचं काय? माझं उत्तर दोन शब्दांचं आहे: पाणी घाला. पुढचा मजकूर हे वाचून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या त्यांच्यासाठी.

आधी गुन्हा झाला कसा ते पाहू. घरगुती बिअरचा नेहमीचा घाणा पाच गॅलनचा, म्हणजे 19 लिटरचा. माल्टचा गोड काढा हॉप्स घालून तासभर उकळायचा, गार करायचा आणि यीस्टच्या स्वाधीन करायचा. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल मागे ठेवतं. आता घाणा थोडा मोठा धरला, पण काढा उकळताना आच मोठी राहिली, माणूस फोनवर बोलत बसला, आणि पावणेचोवीस लिटर उरायला हवा होता तिथे 19 लिटरच उरला, तर साखर तेवढीच आणि पाणी कमी. बिअर साडेसात टक्क्यांची होणार, यात यीस्टचा काही दोष नाही. हिशेब आपल्या शाळेतलाच आहे: 19 गुणिले साडेसात, भागिले सहा, उत्तर पावणेचोवीस. म्हणजे पावणेपाच लिटर पाणी हवं, आणि ते नेमकं तेवढंच आहे जेवढं वाफ होऊन स्वयंपाकघराच्या छताला लागलं. जे पाणी त्या काढ्याचंच होतं ते त्याला परत केलं, यात भेसळ कुठली? हे तर उधारी फेडणं झालं. गंमत म्हणजे नवशिके लोक माल्टचा तयार पाक आणून बिअर करतात तेव्हा छोट्या पातेल्यात दाट काढा उकळून पिंपात वरून गार पाणी ओततात, आणि तसं करा असं त्यांना पुस्तकच सांगतं. यीस्ट पडण्याआधी ओतलं तर ती पद्धत आणि नंतर ओतलं तर पाप, हा सोवळ्या-ओवळ्याचा नियम नक्की कुठल्या स्मृतीतला आहे, कळत नाही.

आणि मोठ्या ब्रुअरीज तरी काय करतात? जगभरातल्या अनेक मोठ्या कारखान्यांत बिअर मुद्दामच जास्त कडक आंबवतात आणि बाटलीत भरण्याआधी पाणी घालून ठरलेल्या टक्क्यांवर आणतात. टाक्या तेवढ्याच, बिअर जास्त. व्हिस्कीचं तर विचारूच नका. पिंपातून निघते तेव्हा ती साठ टक्क्यांच्या आसपास असू शकते. भारतीय बाटलीवरचा 42.8 हा सुप्रसिद्ध आकडा कारखान्यातल्या पाण्यानेच गाठलेला असतो. त्यात आपण पुन्हा ग्लासात पाणी घालतो, वर सोडा घालतो, बर्फ टाकतो, आणि मग घरच्या बिअरमध्ये पाणी म्हटलं की आपल्यातला शुद्धतावादी खडबडून जागा होतो.

तो जागा होतो त्याचं कारण बिअर नसून गवळी आहे, असा माझा संशय आहे. ‘पाणी घालणे’ हे क्रियापद मराठीत दुधाने बाटवलेलं आहे. पण गवळ्याचं पाप पाण्यात नव्हतं, हिशेबात होतं. तो पाण्याचे पैसे दुधाच्या भावाने घेत होता. शुद्धतेचे अभिमानी इथे बव्हेरियाचा 1516 चा फतवा पुढे करतात: बिअरमध्ये फक्त जव, हॉप्स आणि पाणी. म्हणजे त्यातही पाणी आहेच, यीस्टचं मात्र नाव नाही. पुढे जर्मन कायद्याने विक्रेत्यांना आणि गुत्तेवाल्यांना बिअरमध्ये पाणी घालायची बंदी केली, आणि ती योग्यच होती, कारण तिथे गिऱ्हाईक होतं. अमेरिकन कायद्यात घरची बिअर विकायलाच मनाई आहे. जिथे विक्री नाही तिथे फसवणूक नाही, आणि फसवणूक नाही तिथे पाणी हे नुसतं पाणी असतं. शेवटी पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालणाऱ्या बाईला आपण सुगरणच म्हणतो.

आता चवीचा आक्षेप, आणि तो मात्र ऐकायला हवा. पाणी घातलं की नुसतं अल्कोहोल उतरत नाही, सगळंच उतरतं. हॉप्सचा कडवटपणा 50 मोजला गेला असेल तर तो 40 वर येतो, रंग फिका पडतो. वाफेच्या प्रकरणात हे चालतं, कारण त्या आकड्यांवरच यायचं होतं. पण बिअर कडक झाली ती कुणी ‘थोडं गोड लागू दे’ म्हणून अर्धा किलो साखर लोटली म्हणून, तर गोष्ट वेगळी. साखर पुरती आंबते, गोडी मागे ठेवतच नाही. 19 लिटरला अर्ध्या किलोमागे सव्वा-दीड टक्का अल्कोहोल तेवढं वाढवते. तिथे पाणी घातलं तर टक्के सुधारतील, पण माल्ट पातळ होऊन घोट पचपचीत लागेल. तिसरा प्रकार आणखी वाईट. उन्हाळ्यात पिंप तापलं आणि यीस्टने घसा जाळणारी जड अल्कोहोलं करून ठेवली, तर जळजळ टक्क्यांची नसतेच. तिला पाणी हा उतारा नाही. म्हणून आधी एका ग्लासात मोजून पाणी घालून चाखा, पिंपाला हात नंतर लावा. पाणी उकळून, झाकून गार केलेलंच हवं. जंतूंसाठी तर खरंच, पण पाण्यात विरघळलेल्या हवेसाठीही. तयार बिअरला ऑक्सिजन लागला की तिला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते. बिअर बाटल्यांत भरून झाली असेल तर बुचं उघडूच नका, ग्लासात थंड सोडा घाला. या कामाचा अनुभव आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

पाण्याला पर्याय सुचवणारेही असतात. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं म्हणून बिअर तापवा, म्हणतात. तापवा खुशाल, हॉप्सचा वास उडेल, यीस्ट मरेल, बाटलीत फेस धरायचा नाही आणि हाती कडू काढा उरेल. फ्रीझरमध्ये ठेवली तर आधी पाणी गोठतं आणि उरलेली बिअर आणखी कडक होते. जर्मन लोक असंच करून ‘आइसबॉक’ बनवतात. वर्षभर मुरवली तर चव निवते, टक्के मात्र जागचे हलत नाहीत. दुसरा, हलका घाणा करून दोन्ही मिसळा, हा सल्ला साखरेच्या प्रकरणात खरोखर उत्तम आहे, फक्त दुसरा घाणा हलकाच होईल याची हमी पहिला घाणा बिघडवणाऱ्याकडूनच घ्यावी लागते.

राहता राहिली ती अडचण भांड्यांची. 19 लिटरच्या त्रेपन्न बाटल्या भरतात. पावणेपाच लिटर पाणी घातलं की सहासष्ट. विकायची सोय नाही, एकट्याला संपत नाही, आणि बायको त्या बाटल्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवू देत नाही. आमटीत पाणी वाढवतात ते पाहुणे आले म्हणून. इथे पाणी आधी वाढतं, आणि मग शनिवारसाठी पाहुणे गोळा करायला फोन लावावे लागतात.