च्युबाकाचा हयातीचा दाखला

निवृत्त माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. 'स्टार वॉर्स'मधल्या च्युबाकाला तो घरबसल्या मिळाला, तोही मेल्यावर. 1999 साली 'व्हेक्टर प्राइम' या कादंबरीत आर. ए. साल्व्हातोरे यांनी या केसाळ वीराच्या अंगावर अख्खा चंद्र पाडला. जिवलग दोस्त हान सोलोच्या मुलाला वाचवताना बिचारा गेला. चाहत्यांनी पंधरा वर्षं सुतक पाळलं. मग 25 एप्रिल 2014 रोजी लुकासफिल्मने एक निवेदन काढलं, आणि तो चंद्र कधी पडलाच नाही असं झालं.

त्याचं असं आहे, की 2012 साली डिस्नेने सुमारे 4 अब्ज डॉलर मोजून लुकासफिल्म विकत घेतली. नवे सिनेमे काढायचे होते आणि वाटेत कादंबऱ्या, कॉमिक्स आणि गेम्स यांचा डोंगर उभा होता. तेव्हा ठरलं, की सहा सिनेमे आणि 'क्लोन वॉर्स' ही मालिका (तिच्या सिनेमासकट) एवढंच खरं घडलेलं, म्हणजे कॅनन. बाकी सगळं 'लेजेंड्स', म्हणजे दंतकथा. लेझर तलवारी आणि बोलक्या यंत्रमानवांच्या गोष्टीत अमुक भाग दंतकथा आहे, हे गंभीर चेहऱ्याने जाहीर करायला छातीच लागते.

या एका फटक्यात सिनेमांचा नायक ल्यूक याचा संसार उठला. बायको मारा जेड गेली, मुलगा बेन गेला. हान आणि ल्यूकची बहीण लिया यांची जेना, जेसन, अनाकिन ही तीन मुलंही गेली. नव्या सिनेमांत त्या जोडप्याला एकच मुलगा आहे आणि त्याचं नाव बेन. ल्यूकच्या रद्द झालेल्या मुलाचं नाव भाच्याला लावलं, बारशाचा खर्च वाचला.

आधीचा कारभार सोपा होता असं नाही. 2000 सालापासून लुकासफिल्ममध्ये लेलँड ची हे गृहस्थ 'होलोक्रॉन' नावाची नोंदवही सांभाळत होते. पुढे तिच्यात पाच श्रेण्या झाल्या. सर्वांत वर 'जी', म्हणजे जॉर्ज लुकास यांच्या हातचं. त्याखाली टीव्ही, मग कादंबऱ्या-कॉमिक्स, मग दुय्यम, आणि तळाला जे घडलंच नाही असं मानायचं ते. 1978 साली आलेल्या 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय' या कादंबरीत ल्यूक आणि लिया एकमेकांकडे जरा जास्तच ओढले जातात. 1983 च्या सिनेमात कळलं की ते सख्खे जुळे भाऊबहीण. 2014 नंतर ती कादंबरी दंतकथा ठरली, बरंच झालं. पण 1980 च्या सिनेमात लियाने ल्यूकचं घेतलेलं चुंबन सिनेमातलं आहे. ते पक्कं, पहिल्या श्रेणीचं, कायम.

बरं, सिनेमा तरी स्थिर असावा? 1977 च्या पहिल्या सिनेमात मॉस आयझलीच्या गुत्त्यात हान सोलो टेबलाखालून पिस्तूल काढतो आणि समोर बसलेल्या सुपारीबाज ग्रीडोला सरळ उडवतो. 1997 च्या आवृत्तीत ग्रीडो आधी गोळी झाडतो, आणि हातभर अंतरावरून त्याचा नेम चुकतो. असल्या नेमबाजाला सुपारी कोण देत असेल? 2004 साली दोघांनी जवळजवळ एकदमच झाडल्या. 2019 साली मरण्यापूर्वी ग्रीडो 'मॅक्लंकी' असं काहीसं म्हणू लागला. चारही वेळा सिनेमा एकच आणि चारही वेळा तेच खरं. पंचनामा करायला गेलेल्या हवालदाराने वर्दी उतरवून ठेवली असती.

रद्द झालेल्यांनी मात्र धीर सोडू नये. टिमोथी झान यांनी 1991 साली निर्माण केलेला निळा सेनानी थ्रॉन 2014 साली नाहीसा झाला आणि 2016 साली 'रिबेल्स' मालिकेत कामावर रुजू झाला. 2017 साली झान यांच्याकडूनच त्याची नवी, अधिकृत कादंबरी लिहून घेतली. सम्राट पॅल्पटीनचा किस्सा आणखी रंगतदार. मेलेला सम्राट नव्या शरीरात परततो, ही गोष्ट 'डार्क एम्पायर' या कॉमिक्समध्ये 1991 सालीच आली होती. ती दंतकथा म्हणून बाद केली, आणि 2019 च्या 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये सम्राट परतलाच. कॉमिक्समध्ये निदान तो कसा परतला ते समजत होतं.

त्याच सिनेमात च्युबाकाला पदक मिळालं. 1977 च्या सिनेमातल्या शेवटच्या समारंभात ल्यूक आणि हान यांच्या गळ्यात पदकं पडली, हा शेजारी उभा राहून नुसता ओरडला होता. फाइल 42 वर्षं फिरली, मध्ये एक मरण येऊन गेलं, पण शेवटी निकाल लागला. मारा जेडची फाइल अजून हललेली नाही.

आणि ज्या कादंबऱ्यांत काहीच खरं घडलं नाही, त्या मुखपृष्ठावर 'लेजेंड्स' अशी पट्टी लावून पुन्हा छापल्या गेल्या आणि विकल्या गेल्या. त्यांतून आलेले पैसे मात्र पहिल्या श्रेणीत जमा.