यशाचा वजनकाटा

सोलापूरची चादर, शेंगाचटणी आणि इफेड्रिन! एप्रिल २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यातून १८ टनांहून अधिक इफेड्रिन, म्हणजे अमली पदार्थांचा कच्चा माल, पकडला. किंमत सांगितली २,००० कोटी. (ही किंमत पोलीस लावतात, गिऱ्हाईक नव्हे.) धागेदोरे थेट केनियापर्यंत पोचले. तिथे बसलेल्या, या प्रकरणातल्या आरोपी विकी गोस्वामीला जानेवारी २०१७मध्ये अमेरिकेने उचलून न्यूयॉर्कला नेलं. त्याच वर्षी ठाण्यात तो रीतसर फरार घोषित झाला! याच प्रकरणातला एका माजी अभिनेत्रीवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने २०२४मध्ये पुराव्याअभावी रद्द केला. तरी कारवाई यशस्वीच, कारण यश मोजायचं ते पत्रकार परिषदेत. साहेब, पुढच्या वेळी किलोंसोबत शिक्षा किती झाल्या, तेही सांगा.