कळलं!

मिरजेच्या आमच्या घराला एकच सुरक्षा यंत्रणा होती, आणि ती म्हणजे आजी. दारावर थाप पडली की ती माजघरातून विचारायची, "कोण आहे?" बाहेरून उत्तर यायचं, "मी." आणि कडी निघायची. आता "मी" हे काय उत्तर झालं? जगात प्रत्येक जण मीच असतो. चोरसुद्धा. पण त्या एका अक्षरावरून आजीला दूधवाला, तलाठी, सासरी भांडून आलेली आत्या आणि उसने मागायला आलेला चुलता हे सगळे वेगवेगळे ओळखता यायचे. चुलत्याच्या "मी"ला कडी जरा सावकाश निघायची, एवढंच.

त्या घरातून निघालेला मी गेली बावीस वर्षं बोम्मसंद्र्यात राहतो. बंगळूरच्या दक्षिणेला, होसूर रस्त्याच्या कडेला ही मोठी औद्योगिक वसाहत आहे आणि तिथल्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंतले दोष काढायचे आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली त्याला पावणेचारशेहून जास्त वर्षं झाली, तरी आमच्या लेआउटमध्ये मराठी घर आमचं एकच. पण दारावरची रीत इथंही तीच. आतून "यारु?" असं विचारायचं आणि बाहेरच्याने "नाने" म्हणायचं. नाने म्हणजे मीच. हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, आपण परगावी आलोच नाही.

पण १० ऑगस्ट २०२५ ला मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा, १९ किलोमीटर, १६ स्थानकं. आम्ही टोकाचे. सगळा लेआउट पेढे वाटत होता, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आता चोरही एसीतून येतील."

मी तिला आकड्यांनी समजावलं. सुरुवातीला गाड्या तीनच, दर २५ मिनिटांनी एक. चोराला पळायची घाई असते. पाठीवर बोचकं घेऊन तो फलाटावर २५ मिनिटं कसा थांबेल? शिवाय त्याच्या कामाच्या वेळेला, म्हणजे मध्यरात्रीनंतर, गाडीच नसते. हिशेब बिनचूक होता. पण पुढच्याच आठवड्यात मागच्या गल्लीतून एका घराची पाण्याची मोटर गेली. चोर मेट्रोने आला नव्हता, टेम्पोने आला होता. घरात हिशेबाला किंमत उरली नाही आणि कॅमेरे घ्यायचं ठरलं.

मिरजेला आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "कशाला हवेत? आपल्या शिंगणापुरात घरांना दारं नाहीत."

"आई, तिथं २०११ साली बँकेने बिनकुलपाची शाखा काढली," बायको म्हणाली, "पण २०१५ साली पोलीस ठाणंही निघालं."

"ते यात्रेकरूंसाठी," आई म्हणाली. "बरं, घेताय तर चांगले घ्या. मला दिसतील असे."

या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही. तपासणी खात्यातला माणूस आणि एवढा मोठा दोष नजरेतून सुटला.

कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो, तर आधी आकाराचा प्रश्न. लांबट असतो तो बुलेट, घुमटासारखा तो डोम. दुकानदार म्हणाला, "बुलेट चोराला लांबून दिसतो, म्हणून तो घाबरतो. डोम कुठं बघतोय ते कळत नाही, म्हणून तो जास्त घाबरतो." मग भिंग. २.८ मिलिमीटरचं घेतलं तर सगळी गल्ली दिसते, पण माणूस मुंगीएवढा. ६ मिलिमीटरचं घेतलं तर माणसाची मिशी दिसते, पण तो उभा कुठं आहे ते कळत नाही. मग वायरचा की वायफायचा? वायफायच्या कॅमेऱ्याला वायर लागत नाही, फक्त विजेची वायर लागते, हे ज्ञान मला तिथंच झालं. आणि दुकानदाराने बजावलं, की ९ एप्रिल २०२५ पासून देशात सरकारी सुरक्षा चाचणी झालेलेच कॅमेरे विकायचे असा नियम आहे. आपल्या घरावर नजर ठेवणारा कॅमेरा आपल्याच माहितीला पाय फोडणार नाही ना, हे त्यात तपासतात. म्हणजे पहारेकऱ्यावर पहारा. मला व्यवसायबंधू भेटल्याचा आनंद झाला.

साठवणुकीचा हिशेब मी स्वतः केला. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट पाठवतो, म्हणजे दिवसाला साधारण साडेएकवीस जीबी. चार कॅमेऱ्यांचे ८६. एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि मग नवं चित्रण जुन्यावर चढतं. मला हे फारच कमी वाटलं. आमच्या भावकीत १९७२ सालच्या बांधाच्या भांडणाचं चित्रण अजून शाबूत आहे, आणि त्यावर एकाही पिढीने नवं चढू दिलेलं नाही.

बसवायला एक तरुण मुलगा आला. हातात ड्रिल मशीन, खांद्यावर शिडी. मी सांगितलेल्या जागी त्याने एकही कॅमेरा लावला नाही. फाटकाच्या वर लावला तर उगवतीचं ऊन थेट भिंगात शिरतं, म्हणून बाजूला. ट्यूबलाइटजवळ लावला तर रात्री चित्र पांढरं पडतं, म्हणून लांब. वायरीची पट्टी बायकोच्या तुळशीवरून गेली तेव्हा म्हणाला, "स्वल्प अडजस्ट माडी, सर." बंगळूरचं सगळं नगरनियोजन या वाक्यावर उभं आहे, तिथं आमची तुळस कोण?

मग त्याने सेन्सर समजावले. दाराच्या सेन्सरचे दोन तुकडे. एकात लोहचुंबक, दुसऱ्यात काचेच्या नळीत दोन पातळ पत्र्या. दार लागलेलं असलं की चुंबक पत्र्यांना एकत्र धरतो. दार उघडलं की चुंबक दुरावतो, पत्र्या सुटतात आणि मोबाइलवर बोंब उठते. विरहावर चालणारं असं यंत्र मी पहिल्यांदाच पाहिलं. दुसरा सेन्सर हालचालीचा. त्याला चेहरा दिसत नाही, फक्त अंगातून निघणारी ऊब कळते. ऊब इकडून तिकडे सरकली की तो ओरडतो. म्हणून उन्हाळ्यात भिंतीच माणसाइतक्या तापल्या की तो गोंधळतो. "बेंगळूर कूल, सर. नो प्रॉब्लेम," असं म्हणून तो कानडीत सांगू लागला, की कळ्ळ आला तर काय होईल.

कळ्ळ म्हणजे चोर. मी मान डोलावत माझ्या भाषेत म्हणालो, "कळलं, कळलं."

तो शिडीवरून एकदम मागे वळला. "एल्लि, सर? एल्लि?"

एल्लि म्हणजे कुठं. चोर कुठं आहे ते तो विचारत होता. मी हात जोडून त्याला खाली उतरवलं आणि मराठीत समजणं आणि कानडीत चोरी होणं यांत फार अंतर नाही, हे समजावून सांगितलं. तो हसला. आईला मात्र हे सांगायचं राहिलं.

पुण्याहून लेक आली आणि जाताना मिरजेत उतरून माझ्या आईच्या मोबाइलवर कॅमेऱ्याचं ॲप टाकून गेली. त्या दिवसापासून बोम्मसंद्र्यातलं आमचं घर मिरजेतून चालू लागलं. "दुधाची पिशवी दहा मिनिटं उन्हात पडलीय." "फाटकाची कडी नीट बसली नाही." "तो शर्ट घालून कामावर जाऊ नकोस." पुढं तिला माइकचं बटण सापडलं. कॅमेऱ्यातून बोलताही येतं, हे कळल्यावर तिने पहिला निरोप दूधवाल्याला दिला. आईचा आवाज मुळातच काळी पाचमधला, तंबोऱ्यांच्या गावचा. दूधवाला सायकलसह थबकला. आता तो पिशवी ठेवतो आणि भिंगाकडे बघून "नमस्कार, अम्मा" म्हणतो. पिशवी सावलीत असते.

चोर मात्र आला नाही. दोन महिन्यांत कॅमेऱ्यांनी पकडलं ते असं: तीन कुत्री, एक मांजर, आमचा पेपर आमच्याआधी वाचणारे शेजारचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळा लेआउट आदराने मेष्ट्रु म्हणतो, आणि एक कोळी. रात्री कॅमेऱ्याच्या दिव्यांपाशी किडे जमतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि भिंगावरच जाळं विणतो. पहाटे तीन वाजता मोबाइलवर आठ पायांचा, फाटकाएवढा राक्षस बघितलेला माणूस पुन्हा झोपत नाही.

रिकामपणी मी या विद्येचा इतिहास वाचला. घराच्या दारावर कॅमेरा ही कल्पना न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेची. तिला रात्री-अपरात्री घरी एकटं राहावं लागे. म्हणून तिने दाराला चार उंचींवर भोकं ठेवली, मागे वरखाली सरकणारा कॅमेरा बसवला आणि १९६९ साली पेटंट मिळवलं. त्यातही बाहेरच्याशी बोलायची सोय होतीच. म्हणजे "कोण आहे?" हा प्रश्न तिलाही सोडवत नव्हता. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांची गोष्ट आणखी मोठी. १९९१ साली त्यांनी कॅमेरा लावला तो कॉफीच्या भांड्यावर. जिने चढून जावं आणि भांडं रिकामं निघावं, हा त्रास चुकवायला. पुढं ते भांडं इंटरनेटवर जगभर दिसलं, पार २००१ पर्यंत. हे वाचून मला हसू आलं. एवढे विद्वान, आणि नजर कशावर, तर खाण्यापिण्याच्या भांड्यावर! मी ही गोष्ट बायकोला मुद्दाम रंगवून सांगितली. ती हसली नाही. विचारात पडली.

त्याच महिन्यात माझा रक्ताचा रिपोर्ट आला होता. तीन महिन्यांची सरासरी साखर ७.८. आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आलेल्या मेव्हण्याने बेळगावचा एक किलो कुंदा फ्रिजमध्ये ठेवला होता, "पाहुण्यांसाठी". पाहुणे येत नव्हते आणि कुंदा कमी होत होता.

"स्वयंपाकघरात एक कॅमेरा लावू या," बायको म्हणाली.

मी कायदा काढला. घरात राहणाऱ्या दुसऱ्याच्या संमतीशिवाय घराच्या आत कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निकाल कलकत्ता उच्च न्यायालयाने दिलाय आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. माझी संमती नाही.

"बरं," ती म्हणाली.

लग्नाला सत्तावीस वर्षं झालेल्या माणसाने या "बरं"ला भ्यायला हवं होतं. सेन्सरच्या संचात चार नग होते. पुढचं दार, मागचं दार, गच्चीचं दार. चौथा उरला होता. आणि सर्वोच्च न्यायालय चुंबकाबद्दल काही बोललेलं नाही.

त्या रात्री पावणेदोनला मी उठलो. दिवा लावला नाही, चपला घातल्या नाहीत. हालचालीच्या सेन्सरला चुकवायला भिंतीला चिकटून गेलो. स्वतःच्या घरात इतक्या सफाईने शिरताना मला क्षणभर त्या धंद्यातल्या लोकांविषयी आपुलकी वाटली. फ्रिज उघडला. आत फ्रिजचा दिवा लागला आणि मिरजेत आईच्या उशाशी मोबाइल वाजला. वयामुळे तिची झोप कमी. पडद्यावर बायकोने मराठीत घातलेलं नाव आलं: "फ्रिज उघडला."

आईने माइकचं बटण दाबलं. पण यादीत पहिला कॅमेरा फाटकाजवळचा. त्यामुळे तिचा आवाज स्वयंपाकघरात न येता रात्री पावणेदोनला बोम्मसंद्र्याच्या गल्लीत घुमला.

"कळलं! सगळं कळलं मला! कळलं, कळलं, कळलं!"

गल्लीतल्या प्रत्येक कानाने ऐकलं: चोर! चोर! चोर!

पहिलं कुत्रं भुंकलं, मग सगळी. समोरच्या पीजीतली पोरं क्रिकेटच्या बॅटी घेऊन धावली. चार दिवे लागले. मी गडबडीने डबा-चमच्यासकट दार उघडून बाहेर आलो. अंगणात काळोख होता आणि फाटकाशी मेष्ट्रु काठी उगारून उभे होते.

"यारु?" त्यांनी गरजून विचारलं.

तोंडात कुंदा होता. तरी मी कसंबसं म्हणालो, "नाने."

काठी लगेच खाली आली. कुत्रीसुद्धा गप्प झाली. चार कॅमेरे, एक टीबीची डिस्क, सरकारी चाचणी हे सगळं एकीकडे. घास भरलेल्या तोंडातून आलेला "मी" मेष्ट्रूंनी अंधारात ओळखला होता. मला आजी आठवली आणि गळा दाटून आला. त्यात थोडा कुंदाही होता.

"मग कळ्ळ एल्लि?" पोरांनी विचारलं.

"कळलं!" वरून आई म्हणाली.

तेवढ्यात बायकोने मागून अंगणातला दिवा लावला. मेष्ट्रूंनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं आणि शाळेत विचारत असतील तसं, अगदी हळू, पुन्हा विचारलं, "कळ्ळ एल्लि?"

मी मान खाली घातली आणि म्हणालो, "नाने."