आप्पाकाकाला सांगा, त्याचं राज्य सापडलं

वुस्टर, मॅसॅच्युसेट्स
ऑक्टोबर अखेर

तीर्थरूप आई-बाबांस,


कालच्या फोनवर आई नुसती ओरडत होती आणि बाबा मागून "अगं, तिला बोलू दे" म्हणत स्वतःच बोलत होते. म्हणून कागदावर आले. कपडे ड्रायरमध्ये टाकलेत, तो वाजेपर्यंत लिहिते.

आधी खुलासा. माझा मोटरसायकलवरचा तो फोटो ग्रुपवर मी नाही, तुमच्या जावयाने, मंदारने टाकला. मोटरसायकल भाड्याची होती, चालवत मंदार होता, मी मागे बसले होते. इथे मोटरसायकलचं लायसन्स वेगळं असतं, ते त्याच्याकडे आहे. आमचा ओजस सहलीच्या दोन्ही रात्री स्मितावहिनींकडे होता आणि परत यायला तयार नव्हता. सुलूआत्याला एवढं वाचून दाखवा. "मुलगी हाताबाहेर गेली" लिहून खाली हात जोडल्याचं चित्र टाकलंय तिने. नमस्कार नेमका कोणाला?

आता आईचा मुख्य मुद्दा, "पानं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?" अगं, इथे ते कारण चालतं. ऑफिसात "पानं बघायला जातोय" म्हटलं की साहेब वर रस्ता सुचवतो. आम्ही गेलो न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये. लिंकन ते कॉनवे हा कँकामॅगस रस्ता, साडेचौतीस मैल, म्हणजे बाबांच्या हिशेबात पंचावन्न किलोमीटर. त्यात एक पेट्रोल पंप नाही, एक टपरी नाही. खिंड 2,855 फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरहून बुटकीच. पण जवळचा माउंट वॉशिंग्टन 6,288 फूट आहे. बाबा, तुमची कळसूबाई इथे हरली, क्षमस्व.

आणि हो, आप्पाकाकाला निरोप द्या की त्याचं बिनहेल्मेटचं राज्य सापडलं. मॅसॅच्युसेट्समध्ये हेल्मेटसक्ती आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये अठरा वर्षांवरच्याला हेल्मेट नको, गाडीत पट्टाही नको! सीमा ओलांडली की चांगले साठीचे, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ रस्त्याकडेला थांबतात, हेल्मेट काढून मागे बांधतात आणि टक्कल उन्हात चमकवत निघून जातात. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्यांनी बघावं असं दृश्य. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर छापलेलं असतं, 'लिव्ह फ्री ऑर डाय'. जगायचं तर स्वतंत्र, नाहीतर मरण पत्करू. आणि या प्लेट्स बनतात कुठे? तुरुंगात. कैदी बनवतात. आप्पाकाकाला हे शेवटी सांगा, आधी त्याला खूश होऊ दे. आम्ही हेल्मेट काढलं नाही, हे आईसाठी. आत तू विणलेली कानटोपीसुद्धा होती. सकाळी जेमतेम दोन अंश होतं, त्यात मोटरसायकलचा वारा. वरून चामड्याचं जाकीट, आतून तुझी लोकरीची बंडी. फोटोत दिसते त्यापेक्षा मी बरीच बारीक आहे.

(ड्रायर वाजला. घड्या घालून आले. ओजसचा एक मोजा पुन्हा गायब.)

आता बाबांनी बसून घ्यावं. खोलीचं भाडं एका रात्रीचं तीनशे चाळीस डॉलर. रुपयांत गुणू नका, मी गुणून झोप घालवून बसलेय. नावाला मोटेल, भिंतीतला हीटर रात्रभर घशात अडकल्यासारखा खाकरत होता, आणि सकाळच्या न्याहारीला कागदी पेल्यात कॉफी नि प्लास्टिकच्या पिशवीतला एक मफिन. त्यातही नियम असा की ऑक्टोबरमधल्या शनिवार-रविवारी दोन रात्री घ्याव्याच लागतात. "एकच रात्र राहायचंय," म्हटलं. काउंटरवरची बाई गोड हसून म्हणाली, "हो, राहा ना. पैसे दोन रात्रींचे." वर इथे विक्रीकर नाही म्हणून मंदारने येताना स्वस्ताईचं गाणं गायलं होतं. बिलात खोलीवर साडेआठ टक्के कर निघाला. जेवणावरही तेवढाच. म्हणजे टीव्ही घेतला तर कर नाही, पण खाल्लं नि झोपलं तर आहे! त्या पैशात आपण सगळे दापोलीला आठवडाभर राहिलो असतो, मासे खाऊन. दुसरी रात्र वसूल करायची म्हणून आम्ही राहिलो, आणि मंदारने बाथरूममधले सगळे छोटे साबण उचलले. तुमचा जावई शोभतो.

पानं मात्र खरंच वेडं करतात. लाल ते मेपल, पिवळे बर्च, ओक सगळ्यात उशिरा, तपकिरी. बाबा, तुम्ही विचारलंत ना की रंग येतो कुठून? पिवळा पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की दिसतो. लाल मात्र झाड शेवटी शेवटी नव्याने तयार करतं. दिवसा ऊन आणि रात्री थंडी पडली की जास्त. आपल्या आंब्याच्या तांबूस पालवीत, फाल्गुनात पेटलेल्या कुसुंबात हेच लाल द्रव्य असतं. आपल्याकडे पान जन्मताना लाल, इथे गळताना.

मोटरसायकलवाल्याला ही पानं झाडावर असेपर्यंतच गोड. ओल्या रस्त्यावर पडली की शेवाळाइतकी घसरडी. त्यात पुढची गाडी फोटोसाठी कधी ब्रेक मारेल नेम नाही, आणि संध्याकाळी मूस रस्त्यावर येतो. त्याच्या नावाच्या पाट्या आहेत, मूस काही दिसला नाही. दर वळणाला मंदार ओरडायचा, "माझ्याबरोबर वाक!" मला शिकवायची गरजच नव्हती. ताम्हिणीत येझदीवर मागे बसवून बाबांनी शिकवलेलं, की वळण आलं की घाबरून उलटं वाकायचं नाही, माझ्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघायचा. खिंडीच्या खाली ओल्या पानांचा नि मातीचा वास आला, आणि शरीर आपोआप तसं वाकलं. मग काही दिसेना. हेल्मेटची काच आतून धुक्याने भरली. मंदारने विचारलं, "रडतेस का?" म्हटलं, "थंडी." त्यानेही पुढे काही विचारलं नाही, पण तो रस्ता संपल्यावर पहिल्या थांब्यावर गरम सायडर डोनट आणून हातात दिले. बरे असतात, पण अनारशांपुढे काही नाही.

(कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. डाळ झाली असावी.)

आता तुमच्याकडचं. बंडूचं ठरलं हे फारच छान, पण मुलगी नागपूरची आणि तिला तिखट चालत नाही, हे कसं काय? फोटो पाठवा. जोशीकाकूंच्या गुडघ्याचं काय झालं? आणि सोसायटीच्या पुनर्विकासात एकच पार्किंग मिळणार, तर मिळू दे. पण त्यासाठी येझदी भंगारात द्यायची, हे मला मान्य नाही. आई, तुला ती अडगळ वाटते, मला माहीत आहे. तिच्यावर पापड वाळत घाल, पण ठेव. नाहीतर मामांच्या वाड्यात नेऊन उभी करा, भाडं मी देईन. मोटेलपेक्षा नक्कीच स्वस्त पडेल.

पार्सल मिळालं. चकल्यांचा चिवडा झालाय, चिवड्याला मात्र काही झालं नाही. मेतकूट पुढच्या खेपेला जास्त पाठव, मंदार भातावर नाही, टोस्टवर घालून खातो.

ओजसचा नमस्कार. आला की फोनवर बोलेल.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, दोन रात्रींचे कराधरून सातशे अडतीस होतात. मी सहाशे ऐंशी सांगितलेत असं आईला वाटू द्या.