पंधराशे साहेबांना अनावृत पत्र

मा. श्री. १५०० मीटर प्रति सेकंद साहेब,
मुक्काम : सोनारच्या सेटिंगचं पान

स.न.वि.वि.

माणच्या आयटी पार्कातून लिहितोय. मुळशी तालुका आमचा. धरणं भरपूर, त्यांत गाळही भरपूर. तो मोजायला निघालेल्या प्रत्येक सोनारमध्ये आपण आधीच विराजमान असता.

१८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात कोलाडॉन आणि स्टर्म यांनी पाण्याखाली घंटा वाजवून ध्वनीचा वेग मोजला. ८ अंशांच्या पाण्यात तो भरला १४३५. २० अंशांच्या गोड्या पाण्यात तो १४८२ असतो, २५ अंशांच्या समुद्रात मिठामुळे १५३० च्या वर. आपण मात्र सगळीकडे पंधराशेच! २६ अंशांच्या गोड्या पाण्यात आपण खरे ठरता, एवढं मान्य.

सोनार खोली काढतो ती प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून आणि आपल्या आकड्यावरून. म्हणून २० अंशांच्या पाण्यात ३० मीटर खोलीला आपण ३६ सेंटिमीटर पदरचे घालता. धरण खोल झालं, गाळ घटला, पोकलेनला डिझेलही लागलं नाही! खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात १९१६ पासून पाण्यावर काम चालू आहे. इतका स्वस्त उपाय त्यांनाही सुचला नसेल.

आपल्या जागी ध्वनिवेग मोजणारा प्रोब बसवायचा, तर आधी आरएस-२३२ ची केबल. एकाची पाठवायची तार दुसऱ्याच्या घ्यायच्या तारेला लागली पाहिजे. बॉड रेट दोन्हीकडे सारखा हवा, नाहीतर पडद्यावर नुसती चिन्हं नाचतात. तेही जमलं. टर्मिनलवर १४८२ च्या ओळी धडाधड येऊ लागल्या, चहा झाला, फोटो झाले. सोनारच्या खिडकीत पाहिलं तर आपण जागचे हललाच नव्हता. वेगाचा स्रोत अजून ‘मॅन्युअल’! प्रोब बोलत होता, त्याचं ऐकायचं असं कुणी सोनारला सांगितलंच नव्हतं.

म्हणून आता केबलवर भरवसा नाही, बादलीवर आहे. प्रोब गार पाण्यात बुडवायचा, वरून गरम पाणी ओतून ढवळायचं. सोनारच्या पडद्यावरचा आकडा चढला तरच जोडणी झाली.

मल्टिबीम सोनारमध्ये तर सोनारच्या तोंडाशी असलेल्या पाण्याच्या वेगावरून किरण किती अंशांत वळवायचा ते ठरतं. तिथे आपण बसलात की सपाट तळ कडांना वाकतो. तळापर्यंतच्या वेगाची नोंद नंतर बदलून गणित पुन्हा करता येतं. किरण वळवतानाच झालेली चूक निस्तरायला फार जड जाते.

सबब, खुर्ची सोडावी. सोडायची नसेल, तर गाळाच्या अहवालावर निदान सही तरी आपण करावी.

आपला,
बादलीवाला

प्रत माहितीसाठी : ‘मॅन्युअल’ बटण