हात मागे!

ताईंच्या झोळीत पाण्याची बाटली, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, स्टॉपवॉच आणि सुटा केलेला सायकलचा ब्रेक असतो. ब्रेक पुण्याच्या जुन्या बाजारातला, रविवारी घासाघीस करून आणलेला. पहिल्या दिवशी त्यांनी तो आम्हा चौदा जणांसमोर टेबलावर ओतला आणि म्हणाल्या, "जोडा."

आमच्यात दोन एमएसडब्ल्यू, तीन बीएड आणि बँकेतून निवृत्त झालेला मी. पाऊण तासानं सगळ्यांचे हात ग्रीसनं काळे झाले होते आणि एक स्प्रिंग कपाटाखाली गेली होती.

"अमेरिकेत मार्क गोल्ड नावाचा माणूस होता," ताई म्हणाल्या. "सत्तरच्या दशकातली गोष्ट. ज्यांना काही म्हणजे काही जमणार नाही असं सगळे धरून चालले होते, त्यांना त्यानं असा ब्रेक जोडायला शिकवला. जोडायचे ते." एवढं बोलून आमच्या काळ्या हातांकडे नुसत्या बघत राहिल्या.

ताई जॉब कोच तयार करतात. बौद्धिक दिव्यांग माणसाला काम मिळालं की त्याच्याबरोबर कामावर जायचं, काम अंगवळणी पडेपर्यंत थांबायचं आणि मग नाहीसं व्हायचं, हा जॉब कोचचा धंदा. यातलं नाहीसं होणं सगळ्यांत अवघड, असं ताई म्हणतात. मला ते पटायला तीन आठवडे लागले.

बोलताना कुणी 'स्पेशल मुलं' म्हणालं की ताई चष्मा गळ्यातल्या दोरीवर सोडतात. "किती वर्षांचं मूल?" "अठ्ठावीस." "दाढी करतं?" "हो." "मग मूल कसलं? बाप्या आहे तो." कार्यशाळेत वर्षानुवर्षं पणत्या रंगवत बसवण्यावर तर त्यांचा विशेष राग. आधी शिकवू, तयार झाला की नोकरी बघू, या म्हणण्यात लोकांचे केस पांढरे होतात आणि नोकरी काही येत नाही. ताईंचं उलट: आधी नोकरी, मग शिकवणं, तेही त्याच टेबलाशी, त्याच गोंगाटात.

२०१६च्या कायद्यानं दिव्यांगांना सरकारी नोकरीत ४ टक्के जागा ठेवल्या आहेत. त्यातल्या एका टक्क्यात स्वमग्न, बौद्धिक दिव्यांग, अध्ययन अक्षम, मनोरुग्ण आणि बहुविकलांग असे सगळे दाटीवाटीनं बसतात. खासगी धंद्यांना तर सक्तीच नाही. म्हणून ताई बेकऱ्या, लाँड्र्या, औषधांची गोदामं पायाखाली घालतात. मालक म्हणाला, "घेऊ हो, पुण्याचं काम आहे," तर त्या खुर्चीवरून उठतात. "पुण्याचं नको. कामाचं असेल तर सांगा."

मला त्यांनी एका बेकरीत पाठवलं. सोबत सव्वीस वर्षांचा उमेदवार, काम खारी पॅक करण्याचं. आदल्या रात्री मी ते काम सात पायऱ्यांत लिहून नेलं होतं. ताईंनी कागद पाहिला, स्वतः टेबलाशी उभ्या राहून दोन पाकिटं भरली आणि एकोणीस पायऱ्या लिहिल्या. 'पिशवीचं तोंड दोन बोटांनी चोळून उघडणे' ही चौथी. मला ती सुचलीच नव्हती, आणि आमचं गाडं अडलं ते नेमकं तिथंच.

पिशवी उघडेना. एक मिनिट झालं. दीड झालं. मागून मालक बघत होता. मी पटकन पिशवी घेतली, फुंकर मारली, उघडून दिली.

"काका, हात मागे!" ताई दारातून ओरडल्या. त्या कधी आल्या, देव जाणे. "पगार कोण घेणार आहे, तुम्ही की तो?"

मी हात मागे बांधले. शाळेनंतर पहिल्यांदाच. पोरानं बोट जिभेला लावायला नेलं, माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या ओल्या फडक्यावर टेकवलं आणि पिशवी उघडली. हे फडकं कुणाच्याच एकोणीस पायऱ्यांत नव्हतं. ताईंनी विसावी लिहिली आणि स्टॉपवॉच बंद केलं.

कुठल्याही जागी गेल्यावर पहिल्या तासात ताई एक माणूस हेरतात. मालक नाही, सुपरवायझरही नाही. जेवायच्या सुट्टीत कोण जेवलं नाही हे जिच्या लक्षात येतं, ती बाई. आमच्या बेकरीत ती ट्रे धुणारी मावशी निघाली. "कोच आज आहे, उद्या नाही," ताई म्हणाल्या, "या मावशी राहणार." तेव्हापासून मी शिकवायचं ते मावशींच्या देखत शिकवू लागलो. आठवड्याभरात मावशी माझ्यावरच ओरडू लागल्या, "काका, करू द्या की त्याला!"

ताईंची लाडकी गोष्ट बसची आहे. एका तरुणाला घरून कामावर बसनं जायला शिकवत होत्या. आधी शेजारी बसायचं, मग दोन सीट मागे, मग पुढच्या स्टॉपवर उभं राहायचं. शेवटची परीक्षा म्हणून ताईंनी तोंडाला स्कार्फ गुंडाळला, गॉगल लावला, दुचाकीवरच्या पुणेरी मुली लावतात तसा, आणि बसमध्ये मागे जाऊन बसल्या. पठ्ठ्यानं वळूनही पाहिलं नाही. कंडक्टर आला, ताईंनी पैसे पुढे केले. तो म्हणाला, "तुमचं काढलंय त्या दादानं. मागं तोंड बांधून बसल्यात त्या आमच्या ताई, म्हणाला." दुसऱ्या दिवसापासून ताईंनी जाणं बंद केलं.

"मग तिकिटाचे पैसे?" मी विचारलं. बँकेची सवय.

"परत कशाला द्यायचे? कमावता आहे तो."

आता इतकं सांगून ही बाई स्वतः कशी असावी? एकदा वर्ग रंगात आला असताना फोन वाजला. ताई आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाळा, टॉवेल गॅलरीत आहे... कपाटात नाही रे, गॅलरीत... बरं, भाजी गरम केलीस का? थांब, गॅस..." बाळाचं वय चौतीस, हिंजवडीत टीम लीडर. आम्ही चौदा जण एका सुरात ओरडलो, "ताई, हात मागे!" ताई लाजल्या. पण गॅसचं सांगून झाल्याशिवाय फोन ठेवला नाही.

पहिल्या पगाराला आईबाप पेढे घेऊन येतात. ताई डबा उघडूसुद्धा देत नाहीत. "नोकरी लागणं म्हणजे साखरपुडा. संसार टिकू दे." मग वहीत तारीख लिहितात, दर महिन्याला फोन करतात आणि नेहमी एकच विचारतात, "रविवारी काय केलं?" ज्याला सुट्टीचा रविवार आवडायला लागला, तो नोकरीत रुळला, असा त्यांचा हिशेब. मला आधी हे विचित्र वाटलं होतं. निवृत्त झाल्यावर माझे सगळे रविवार कुठे गेले ते आठवलं आणि गप्प बसलो.

आमच्या खारीवाल्याला येत्या १६ तारखेला वर्ष होतं. त्याच्या आईनं परवाच फोन केला, पंधराला रविवार आहे, सगळे घरी असतील, पेढे तेव्हाच आणू का?

ताई म्हणाल्या, "सोळाला."

आईनं तरीही पाठवलेला डबा सध्या माझ्या फ्रीजमध्ये आहे. त्यातला एक मी खाल्लाय. ताईंना सांगू नका.